उजव्या कडेचा हात

बसा रे. ज्ञानेश, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर, बॅटरी संपली की माझ्याच नावानं बोंबलशील. चांदणं आहे, तेवढं पुरे. आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, लाईटवाले कुठंतरी उकरून बसलेत. बारापर्यंत काही येत नाही. गच्चीवर वारा तरी आहे.

भुताची गोष्ट सांगा म्हणता. मला नाही येत. तीस वर्षं चाकणच्या कंपनीत प्रेसवर उभा होतो, रात्रपाळ्यांची तर मोजदादच नाही, पण दिसले ते फक्त डुलक्या घेणारे सुपरवायझर. तेव्हा माझं असं काही नाही. भूषणचं जे झालं ते सांगतो. त्याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

भूषण म्हणजे आपला बुद्धभूषण, काळेवाडीतला टीव्हीवाला. वय बावन्न. बाप कामगार, घरात पुस्तकं भिंतभर, आणि डोकं एकदम सरळ. कोणी बाधा, करणी, लागीर असलं काही बोललं की हा विचारतो, "व्होल्टेज किती होतं त्या भुताचं?" असा माणूस. म्हणून तर मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कुणा भगतानं सांगितलं असतं तर चहा पाजून वाटेला लावलं असतं.

त्याचा हातखंडा कशात, तर जुन्या रुंद पडद्याच्या टीव्हीत. भिंतीला टांगायचे नव्हेत रे, ते काचेच्या नळीचे. पुढून ऐसपैस आणि मागे हे एवढं पोट, वजन पन्नास-साठ किलो. ते ठेवतंय कोण आता? पण हिंजवडीची आयटीतली पोरं जुने गेम खेळायला असले टीव्ही हुडकत येतात. भूषण त्यांचे म्हातारे झालेले भाग बदलतो, वाकलेलं चित्र सरळ करतो.

ह्या टीव्हींची एक खोड असते. चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा जरा मोठं काढलेलं असतं, म्हणजे चारी बाजूंनी बोट-दोन बोटं काचेच्या चौकटीमागं जातात. कडेला जी काही घाण असेल ती झाकलेली राहते. भूषण रिमोटची बटणं एका ठराविक क्रमानं दाबतो, छुपा मेनू उघडतो आणि झाकलेलं बाहेर काढतो. त्या मेनूत नावं तुटक आणि पुढं नुसते आकडे. एक आकडा चुकला की चित्राचं भजं. म्हणून त्याचा नियम होता, हात लावायच्या आधी जुने आकडे कागदावर लिहायचे आणि ती चिठ्ठी टीव्हीच्या पोटात चिकटवायची. परतीचा रस्ता तेवढाच.

तर गेल्या डिसेंबरातली अकरा तारीख. मार्गशीर्षातला गुरुवार. दुकानात फोन आला, दिघीहून. बाईचा आवाज, म्हातारा. "टीव्ही नीट करणारे तुमीच का? माजा मोठा हाय, हलत न्हाई. घरी यावं लागंल."

दिवसभर तिकडं लाईट नव्हती. साडेसातला आली तसा हा पिशवी घेऊन स्कूटरवर निघाला. बायकोला, मिनलला, सांगितलं, "दहापर्यंत येतो, भाकरी झाकून ठेव." पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, मग मॅगझिन चौकातून आत. मिलिटरीच्या भिंतीला लागून शेवटची गल्ली, गल्लीत शेवटचं घर. भिंतीपलीकडं नुसती झाडी आणि अंधार. घर मात्र चांगलं, स्लॅबचं, दारात तुळस. पोचला तेव्हा साडेआठ झाले होते.

दार उघडलं कौशल्याबाईंनी. अडुसष्ट-सत्तरच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आलेल्या. नवरा जयसिंग, तो पाच वर्षांपूर्वी गेला. आता ह्या घरात त्या एकट्याच. भूषण समोर उभा होता तरी त्यांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली, तेव्हा कुठं तो त्यांना सापडला.

"काचबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "कडंकडंनं जातीया नजर. मधी एवढंसं ऱ्हायलंय, नळकांड्यातनं बगितल्यागत. डाक्टर म्हंत्यात, संक्रांतीपातूर तेबी जाईल."

भूषणला वाईट वाटलं. तो म्हणाला, "मग टीव्ही कशाला मावशी, डोळ्यांना त्रास." त्या तशाच वळल्या. हॉलमधून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

आतली खोली दहा बाय दहा. हिरवा ऑइलपेंट, एक खिडकी गजांची, पलंग, लोखंडी रॅक. आणि पलंगासमोर तो धूड टीव्ही. जयसिंगराव आजारी पडले तेव्हा चौघांनी उचलून हॉलमधून इथं आणलेला, तो इथलाच झाला. खोलीचं दार जुन्या पद्धतीचं, जाड फळीचं, आत शिरलं की आपोआप लोटलं जाणारं. ते मागं लोटलं गेलं. भूषणनं लक्ष दिलं नाही.

कौशल्याबाईंनी पलंगाखालून एक सीडी काढली, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. "ह्या घराची वास्तुशांत. दोन हजार सहा साल, अक्षयतृतीया. क्याशेट हुती, मालकांनी तिची ही करून घेतली. ह्यात माजी निशी हाय."

निशी म्हणजे निशिगंधा, एकुलती एक मुलगी. वास्तुशांतीनंतर सातव्या महिन्यात गेली, एकोणीस वर्षांची. फोटो काढून घ्यायचा तिला भारी संकोच. कॉलेजच्या ओळखपत्रावर एक होता तो पाण्यानं गेला. आणि ह्या सीडीत...

"ह्यात तिचा हातच दिसतू," बाई म्हणाल्या. "एकुणीस वर्सं मी त्यो हात बगतीया. पडद्याच्या कडंला. तुमी कड काडून देताय म्हनं. मला एकदा तिचं तोंड बगू द्या. नजर जायच्या आत. एवडंच."

भूषण म्हणाला, "मावशी, शेजारी कोणाकडं नवा टीव्ही असेल, त्यावर लावून बघायचं."

"बगितलं. पल्याड कस्तुरा ऱ्हाती, तिच्याकडं लावलं. तिच्या टीव्हीत हातच न्हाई. नुसती चौकट."

भूषणनं मान हलवली. नवे टीव्हीसुद्धा कडा कापतात, त्याला त्यात नवल वाटलं नाही.

आधी त्यानं मागचं झाकण काढलं, फुगलेले दोन भाग बदलले, कचरा झटकला. तासभर गेला. मग झाकण लावून सीडी घातली. चित्र स्वच्छ आलं. हाच हॉल, नवा कोरा. मधे होम पेटलेला, जयसिंगराव टोपी घालून, कौशल्याबाई हिरव्या शालूत, भटजींचं चाललेलं. आणि अगदी उजवीकडं, पडद्याच्या काठाला, ह्याच आतल्या खोलीच्या दाराची चौकट. चौकटीवर चार बोटं. मुलीची बारीक बोटं, आतून पकडल्यासारखी.

"त्योच," बाई म्हणाल्या. त्यांना ती दिसत नव्हती, नजर तिथवर पोचतच नव्हती. जागा पाठ होती.

भूषणनं रिमोटचा क्रम दाबला. हिरवे आकडे पडद्यावर आले. कागद काढायला पिशवीत हात घातला, तर बाई म्हणाल्या, "लवकर करा की ओ दादा, माजं काळीज धडधडाया लागलंय." पिशवीत कागद वर आला नाही. भूषण मनात म्हणाला, चार तर आकडे, राहतील डोक्यात. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं लिहून घेतलं नाही.

रुंदीचा आकडा एकनं खाली. चित्र दोन्ही बाजूंनी जरासं आत सरकलं. चार बोटांमागं पंजाची पाठ आली.

"आली का?" बाईंनी विचारलं.

"हात दिसतोय मावशी. थांबा."

आणखी एक. मनगट. आणखी एक. आणखी एक. कोपर, पिवळी बाही. डावीकडं आता काळी पट्टी दिसू लागली होती, म्हणजे त्या बाजूला चित्र संपलं. कॅमेऱ्यानं टिपलं ते तेवढंच, त्याच्या पुढं काही नसतं. उजवीकडंही तशीच काळी पट्टी यायला हवी होती. भूषण तिची वाट बघत होता. बाईंना सांगायचे शब्दसुद्धा त्यानं जुळवून ठेवले होते, की मावशी, एवढंच आहे हो, माझ्या हातात काही नाही.

त्यानं आणखी एक आकडा उतरवला. उजवीकडं पट्टी आली नाही. खांदा आला.

तो थांबला. केबल बघितली, सीडी प्लेअर बघितला. सगळं जागेवर. भटजींचं चाललेलं. आणि त्या खांद्यावर वेणी आलेली होती.

"काय झालं ओ? बोलत का न्हाई?"

"मावशी... येतंय. येतंय ते."

आणखी एक. हनुवटी, गाल, अर्धं तोंड. खाली बघणारं. भूषणच्या मानेवर घाम आला, डिसेंबरात. तरीही तो मला म्हणाला, आणि हे मला फार पटलं, "दादा, मला भीती नाही वाटली तेव्हा. मला वाटलं म्हातारीचं नशीब." असा हा माणूस.

पण बाईंना काही दिसेना. पलंगावरून पुढं वाकून त्या पडद्याच्या मध्यावर डोळे लावून बसलेल्या, आणि मुलगी काठाला. मान वळवली की पडदाच हरवायचा. रडकुंडीला आल्या. "कुटं हाय? मला का दिसंना? मधी आणा की तिला!"

चित्र आडवं सरकवायचाही एक आकडा असतो. त्यानं चित्र फार तर बोट-दोन बोटं हलतं. भूषणनं तो दाबला. चित्र डावीकडं सरकलं. परत दाबला. सरकलं. होम डावीकडं बाहेर गेला. भटजी गेले. जयसिंगराव गेले. मुलगी सरकत सरकत मधे आली.

आवाज बंद पडला.

आता पडद्यात हॉल नव्हता. तिच्या मागं हिरवी भिंत होती. गजांची खिडकी. लोखंडी रॅक. भूषणनं मान वर केली. समोर हिरवी भिंत. खिडकी. रॅक...

"निशे," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी चाललं होतं. "माजी बाय. केवडी बारीक झालीस गं." त्यांनी हात पुढं केला.

मुलीनं मान वर केली.

भूषण सांगतो, इतका वेळ आई लेकीला शोधत होती. आता लेकीला आई सापडली. तिची नजर कॅमेऱ्याकडं नव्हती. पलंगाकडं होती. बाई बसल्या होत्या, नेमकी तिथं.

तिचे ओठ हलले. एकदा. परत एकदा. आवाज नाही.

आणि कौशल्याबाईंचा पुढं केलेला हात मागं आला. "बंद करा," त्या म्हणाल्या. "दादा, बंद करा. बगितलं मी. झालं. जाऊ द्या तिला पयल्यागत कडंला."

भूषणनं रिमोट उचलला. जुना आकडा... बावीस होता का चोवीस? सरकवायचा एकोणीस? आठवेना. अंदाजानं चढवला. हिरवी भिंत वाकली. दुसरा बदलला. खिडकीचे गज ओढल्यासारखे लांबले, रॅक तिरका झाला, सगळी खोली पिळवटली. मुलगी वाकली नाही. मुलगी जशीच्या तशी. सरळ. मधोमध. ओठ हलताहेत.

त्यानं मेन बटण दाबलं. काही नाही.

पिन उपटली. नळीत थोडा वेळ उजेड राहतो हे त्याला ठाऊक. दहा आकडे मोजले. वीस मोजले. पिन हातात होती... आणि मुलगी पडद्यात.

"चला मावशी. बाहेर चला." त्यानं बाईंचा दंड धरला, दाराशी गेला, कडेला बोटं घालून फळी ओढली.

दार उघडलं नाही.

परत ओढलं. पाय भिंतीला लावून ओढलं. जाड फळी, बाहेरच्या अंगाला अडकलेली. हलत होती तेवढीच, आणि हलली की बाहेर लोखंड वाजत होतं. कडी लागलेली असली की वाजतं तसं.

"बाहेर कोण आहे?" तो ओरडला. "कोणी कडी लावली?"

घरात कोणी नव्हतं. पुढचं दार बाईंनीच आतून लावलेलं.

खिडकीला गज. मोबाईल पिशवीत, पिशवी टीव्हीच्या पायाशी. टीव्हीजवळ जायला पाय उचलेना. खोलीतला दिवा केव्हा गेला कळलं नाही, त्या दहा बाय दहामध्ये उजेड फक्त पडद्याचा. हवा कोंदट झाली होती. श्वास पुरा पडत नव्हता, असं तो सांगतो. तरी तो गेला, पिशवी ओढली, त्यातलं सगळं फरशीवर सांडलं. मोबाईल सापडला. रेंज नाही.

आता मात्र त्यानं मुलीच्या ओठांकडं नीट बघितलं. दोनच शब्द. तेच ते.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ती कडी काढ म्हणतेय."

बाई पलंगावर मुटकुळं करून बसल्या होत्या.

"मावशी, कोणाला म्हणतेय?"

बाईंनी पदर तोंडाशी नेला. मग...

"मला," त्या म्हणाल्या. "मीच लावली हुती."

"केव्हा? तुम्ही तर आत्ता इथंच..."

"एकुणीस वर्सं झाली."

आणि मग त्या बोलल्या. भूषणकडं बघून नाही. पडद्याकडं.

निशीचं एका पोराशी जमलं होतं. भोसरीत, कंपनीतला पोरगा. घरात भांडणं. दिवाळीनंतरच्या एकादशीला बाईंना आळंदीला जागराला जायचं होतं, मालक चाकणला रात्रपाळीला. पोरगी एकटी राहिली तर पळून जाईल. म्हणून बाईंनी तिला ह्या खोलीत घातली आणि बाहेरून कडी लावली. एक रात्र बसली कोंडून की डोकं ताळ्यावर येईल, असा हिशोब.

"दमा हुता तिला," बाई म्हणाल्या. "पंप सैपाकघरात ऱ्हायला. फळीवर. मी निगताना ती आतनं म्हनत हुती, आई, पंप तेवडा दे. मला वाटलं, नाटकं करतीया. दार उघडलं की पळंल..."

त्या पहाटे पाचला परत आल्या. कडी काढली. पोरगी दाराशीच होती.

"मालक सातला यायचे. मी पेचकसानं कडीचं इस्क्रू काडले. कडी लपवली. दार उगडंच हुतं म्हनून सांगितलं. पंप दहाव्याला आळंदीला नदीत सोडला, तिच्या कापडांसंगं. भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली, वरनं रंग दिला. मालक गेले, त्यास्नीबी न्हाई सांगितलं. कुनालाच न्हाई." त्यांनी पडद्याकडं हात जोडले. "चुकलं गं बाय माजं. लई चुकलं. ह्या दादाचा काय दोष हाय? त्याला जाऊ दे."

पडद्यातले ओठ थांबले.

बाहेर लोखंड घासत सरकलं. खट्ट.

दार वीतभर आत आलं. भूषणनं ते धरून ओढलं आणि सुटला तो हॉलमध्ये. हॉलमध्ये दिवा लागलेला होता, पंखा फिरत होता, सगळं साधं. त्यानं वळून हात दिला. "या मावशी, या लवकर." बाई उठल्या. गुडघे धरत, चाचपडत निघाल्या. त्यांचा हात त्याच्या हातापासून एवढ्या अंतरावर आला होता.

दार लागलं. दाणकन नाही... हळू. वारा नसताना, सावकाश, शेवटपर्यंत.

आणि कडी सरकली.

भूषण दारावर तुटून पडला. आतून बाई बडवत होत्या. "दादा! कडी काडा! दादा!"

तो हातानं चाचपू लागला. ह्या बाजूनं, त्या बाजूनं. वर. खाली. हॉलचा दिवा लख्ख, डोळ्यांपुढं दार. गुळगुळीत हिरवा रंग. कडी नव्हती.

"मावशी, इथं कडी नाहीये!"

"हाय! वरच्या अंगाला! तितंच हाय, काडा की!"

वरच्या अंगाला रंगाखाली चार उंचवटे लागले बोटांना. लांबी भरलेली भोकं. बाकी काही नाही. तो त्यांवर नखं ओढत राहिला. काढायचं काय? आत म्हातारी कडी काढ म्हणतेय, हा बाहेर मोकळा उभा, हात मोकळे, आणि काढायला काही नाही. दार मात्र हलवलं की वाजतंय... लोखंड. ऐकलं का रे? वाजतंय.

त्यानं खांदे मारले. पुढचं दार उघडून ओरडला. कस्तुरा आली, तिचा नवरा आला, गल्लीतली आणखी दोन माणसं आली. पहारीनं बघितलं. फळी उचकटली नाही. कोणी म्हणालं फुगलं असेल, कोणी म्हणालं आतून लावलं असेल. पोलिसांना फोन केला, ते येतो म्हणाले, पण उजाडेपर्यंत कोणी आलं नाही. खिडकीकडून बघायला गेले तर आतून पडदा ओढलेला, पडद्यामागं निळसर उजेड.

दोनच्या सुमाराला बडवणं थांबलं. मग आतून खोकला आला. सुई सुई करत ओढलेला श्वास. कस्तुरा म्हणाली, "आजीला दमा कधी नव्हता." आणि मग आतून पंप मागितला. आवाज कौशल्याबाईंचाच होता, त्यात कुणाला शंका नाही.

"आई, पंप तेवडा दे."

भूषण दाराला पाठ लावून खाली बसला. रडला. हे त्यानं मला स्वतः सांगितलं. सैपाकघरातली फळी त्यानं दोनदा जाऊन बघितली, काय वेडेपणा म्हणा. फळीवर मिठाची बरणी होती.

पुढं काही ऐकू आलं नाही. तास गेला, दोन गेले. पाचला मिलिटरीच्या हद्दीत भोंगा झाला, आणि पाठीमागचं दार त्याच्या वजनानं आत गेलं. नुसतं लोटलेलं असावं तसं.

टीव्ही बंद होता. पिन फरशीवर पडलेली. कौशल्याबाई दाराशीच बसल्या होत्या, चौकटीला टेकून. जिवंत होत्या. डोळे उघडे, पण त्यांत काही उरलं नव्हतं, मधलं एवढंसं होतं तेही गेलं होतं. भूषणनं त्यांना धरलं. त्यांनी त्याच्या बाहीला हात लावून विचारलं, "उगडं हाय का दार?"

"उघडं आहे मावशी."

"मग गेली," त्या म्हणाल्या. बस. त्यानंतर आजपर्यंत त्या काही बोललेल्या नाहीत. मोशीला बहिणीकडं असतात. खातात, पितात, बसतात.

त्यांना गाडीत घालताना कस्तुराच्या लक्षात आलं की उजवी मूठ आवळलेली आहे. उघडेना. दवाखान्यात नर्सनं एकेक बोट सोडवलं. भूषण शेजारीच होता. तो म्हणतो, दादा, मी ते माझ्या हातात घेतलं, मी डोळ्यांनी बघितलं. दम्याचा पंप होता, जुन्या घडणीचा, निळा रंग उडालेला. अंगावर तारीख होती, दोन हजार सहाची. सगळा कोरडा ठणठणीत.

फक्त तोंडात धरतात ती बाजू ओली होती.